डाव्या हाताची गाठ

पुन्ता आरेनासमध्ये आधी वारा बोलतो.
त्याचं झालं, की मग आपण.
त्याचं होत नाही.

भाचा सान्तियागोहून आला. म्हणाला, मावशी,
हल्ली प्रत्येक दुकानाला आवाज लागतो.
म्हटलं, आहे की. दाराची घंटा.
तो हसला नाही. खोक्यातून माइक काढला,
उंदराएवढा, मऊ टोपी घातलेला,
आणि गल्ल्याशेजारी उभा केला
एखाद्या गिऱ्हाइकासारखा,
ज्याला काय हवंय ते सांगता येत नाही.

एकोणचाळीस वर्षं मी दोर विकते.
नायलॉन, ताग, खेकड्यांच्या पिंजऱ्यांसाठी शिसं भरलेला,
आणि तो जुना, ओला झाला की आणखी हट्टाला पेटणारा.
मीटरवर मोजते, कापते, टोक मेणबत्तीवर धरते.
जळतं ते टोक. पीळ तसाच.
यात बोलण्यासारखं काय?
जे गाठीशी आहे ते बोल, म्हणाला बाउतिस्ता.

पहिला भाग: छपराचा पत्रा वाजतोय.
पुन्हा पहिला भाग: ओयार्सोंचं कुत्रं.
पुन्हा: नमस्कार, मी निवेस कुसानोविच.
पण ती मी नव्हेच.
ती कुणी नाकात बोलणारी बाई,
दर तिसऱ्या शब्दाला ‘म्हणजे’ म्हणणारी,
जिच्याकडून मी दोन मीटरसुद्धा घेतला नसता.

शेवटी मागच्या खोलीत, वेटोळ्यांच्या मधोमध बसले.
दोर आवाज गिळतात,
हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

माइक, त्याची दांडी, महिन्याचं भाडं:
वहीत लिहिलं. समोरच्या रकान्यात काही नाही.
ऐकणारे नऊ.
त्यात बाउतिस्ता. त्यात माझी बहीण,
जी झोप लागावी म्हणून लावते, आणि लागते म्हणते.
सहा जण नात्यातले, न ऐकता ‘छान’ लिहिणारे.
नववा सामुद्रधुनीपलीकडे, पोर्वेनीरला,
दर वेळी शेवटपर्यंत थांबणारा.
कोण ते कळत नाही. मी त्याच्याशीच बोलू लागले.

चौथ्या भागात गाठ शिकवायला घेतली.
ती, जी निरगाठ नाही आणि सुरगाठही नाही,
ओढ बसली की धरते, सोड म्हटलं की सोडते.
हात डोळे मिटून बांधतात.
तोंडाला मात्र सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं.
एक छोटा फास कर. टोक खालून वर घे.
उजवीकडून, उभ्या दोराच्या मागून वळव.
आलं तसं परत जाऊ दे.
एवढ्याला बावीस वेळा थांबले.
बाविसाव्यांदा थर्मास सांडला.

मार्चमध्ये, फेरी लागली त्या दुपारी,
एक माणूस आत आला, टोपी हातात.
तुमची गाठ सुटते, म्हणाला.
घंटा अजून हलत होती.
गल्ल्यावर त्यानं तुकडा ठेवला नि बांधून दाखवली,
सावकाश, माझेच शब्द पुटपुटत,
‘म्हणजे’सकट.
अकरा वेळा ऐकलं होतं त्यानं, बोटीवर, इंजिनाच्या आवाजात.

मी त्याचे हात पाहिले.
डावखुरा.

चूक माझी होती, एका शब्दाची.
त्याला आठ मीटर दिला. पैसे घेतले, कमी नाही केले.
नाव सांगितलं त्यानं, एलाडियो काहीतरी,
बाकीचं वाऱ्यानं दारातच घेतलं.

पाचवा भाग अकरा मिनिटांचा आहे.
त्यातली चार मी काहीच बोलत नाही.
दोर डाव्या हातात धरलाय आणि शोधतेय,
नव्यानं कामावर ठेवलेल्या पोरीसारखी.
दोर घासल्याचा आवाज येतो. पत्रा येतो.
एकदा मी ‘अगं’ म्हणते, स्वतःलाच.

बाउतिस्तानं फोन केला: ती चार मिनिटं काप.
दिवसभर कापायचंच काम करते मी.
ती नाही कापली.